काशीस जावे नित्य वदावे... पण तिकीट कसे काढावे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मुक्काम नाशिक. वडील गेली पाच-सहा वर्षं "एकदा काशी घडव" म्हणतायत आणि मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतोय. या वर्षी आईने थेट देवापुढे नारळ ठेवला, त्यामुळे आता सुटका नाही.

माणसं अशी: बाबा ७१, आई ६६, मी, बायको, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. बाबांचा उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे त्यांना खालचाच बर्थ हवा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ असा बेत होता. नाशिक रोड ते वाराणसी टाकून बघतोय, तर त्या आठवड्यात एकतर भलीमोठी वेटिंग, नाहीतर सरळ 'रिग्रेट' (म्हणजे वेटिंगही बंद). विमानाचे सहा जणांचे आकडे बघून लॅपटॉप मिटला.

कॉलनीतला एक एजंट म्हणतो, माणशी चारशे वर द्या, कन्फर्म हातात देतो. मन होत नाही. काटकसरीत पण हाल न होता कसं जावं, कोणी नीट सांगेल का? मी आयुष्यात पुणे आणि मुंबईपलीकडे रेल्वेने फारसा गेलेलो नाही, त्यामुळे अगदी 'ग म भ न'पासून सांगितलंत तरी चालेल.

साइड_लोअर
पूर्वी काशीला निघताना लोक घरच्यांचा कायमचा निरोप घेत. आता आयआरसीटीसीवर लॉगिन करताना घेतात.

(रुमाल टाकून ठेवतोय, मलाही जायचंय.)

इंजिनमागचा_डबा
गोदाकाठ, पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही शोधताय चुकीच्या नावाने. 'वाराणसी' टाकलं की मोजक्या गाड्या दिसतात आणि सगळा महाराष्ट्र त्याच गाड्यांवर तुटून पडतो. मी रेल्वेत नोकरीला नाही, नुसतं वेड आहे, तरी नकाशा सांगतो.

काशीला जायला निदान चार स्थानकं डोक्यात ठेवा. एक वाराणसी जंक्शन, ज्याला तिथले रिक्षावाले 'कँट' म्हणतात. दुसरं बनारस, म्हणजे पूर्वीचं मंडुआडीह, तेही शहरातच. तिसरं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे आपलं जुनं मुगलसराय. २०१८ साली नाव बदललं. हे गंगेपलीकडे आहे, शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटर. आणि चौथं प्रयागराज छिवकी.

आता मेख इथे आहे. पाटणा, हावडा या बाजूच्या गाड्या वाराणसीत शिरतच नाहीत. त्या छिवकीवरून सरळ मुगलसरायला जातात. म्हणजे 'वाराणसी' शोधणाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत. मुंबई-हावडा मेल (अलाहाबादमार्गे जाणारी, १२३२२) रोज आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून पाटलीपुत्र (१२१४१) रोज आहे. दोन्ही नाशिक रोडला थांबतात. मुगलसरायला उतरून सहा जणांत एक गाडी केली की तासाभरात काशीतला गोदौलिया चौक. आणि ट्रॅफिक नसेल तर मालवीय पुलावरून जाताना डाव्या हाताला सगळ्या घाटांची चंद्रकोर दिसते. तेवढ्यासाठी तरी मुगलसरायला उतरावं असं माझं मत.

थेट वाराणसीला जाणाऱ्या रोजच्या गाड्यांपैकी दोन: महानगरी (२२१७७) आणि कामायनी (११०७१, ही पुढे बलियापर्यंत जाते). कामायनी सुपरफास्ट नाही, त्यामुळे स्लीपरचा तीस रुपयांचा सुपरफास्ट अधिभार वाचतो, पण ती भोपाळ-बीना-सागर असा वळसा घेऊन जाते. किलोमीटर वाढले की भाडंही वाढतं, तेव्हा ते तीस रुपये वाचले म्हणून खूश होऊ नका. महानगरी जबलपूरमार्गे जाते, मुंबईपासून सुमारे १५०० किलोमीटर.

सहरसाला जाणारी अमृत भारत आहे, तीही छिवकी-मुगलसरायमार्गे. पण आठवड्यातून एकदाच आणि बिनएसीची.

कुंदामावशी
अरे बाळा, दिवाळीत जाऊच नकोस! मी तीनदा जाऊन आले आहे. दिवाळी आणि लगेच छठ, त्या पंधरा दिवसांत मुंबईतला निम्मा उत्तर भारत गावी निघालेला असतो. त्यांचा वर्षाचा सण, त्यांनी जायलाच हवं. त्या गर्दीत आपण सुट्टी आहे म्हणून घुसायचं आणि मग संडासापर्यंत माणसं बसलीत म्हणून नाकं मुरडायची, हे काही बरं नाही.

आणि एक गंमत सांगते. आमच्या भिशीतल्या एकीने "देवदिवाळी काशीला करायची" म्हणून तिकिटं काढली, आपल्या कालनिर्णयातली तारीख बघून. आपली देवदिवाळी मार्गशीर्षात, प्रतिपदेला. काशीची देवदिवाळी असते त्रिपुरी पौर्णिमेला! पंधरा दिवस हुकले. गेली तेव्हा घाटावर एक पणती नव्हती. ती मात्र म्हणते, शांतपणे दर्शन झालं.

तर त्या दोन देवदिवाळ्यांच्या मधल्या दिवसांत किंवा त्यानंतर लगेच जा. डिसेंबर अर्धा सरला की तिकडे धुकं पडतं आणि गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात. मग प्रयागचा माघमेळा. त्यामुळे नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा, हाच काय तो झरोका.

इंजिनमागचा_डबा
मावशींना +१. आणि यातच स्वस्त तिकिटाचं निम्मं उत्तर आहे. गर्दीला दिशा असते. छठच्या आधी मुंबईहून तिकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या, छठनंतर तिकडून येणाऱ्या. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्या, जूनमध्ये येणाऱ्या. तुम्ही उलट्या दिशेने चाललात तर ज्या गाडीला एरवी तीनशे वेटिंग असते तिला आठवडाभर आधीही बर्थ मिळून जातो.

सणाच्या काळात विशेष गाड्या सुटतात, नंबर शून्याने सुरू होतो. त्यांचं भाडं नेहमीपेक्षा जास्त आणि नियमित गाड्यांना वाट देत देत जातात. अगदीच अडलं तर घ्या.

खटपट्या
एवढी यातायात कशाला? खिडकीवर जाऊन स्लीपरचं वेटिंग तिकीट काढायचं. ऑनलाइन वेटिंग आपोआप रद्द होतं, खिडकीचं होत नाही. चढायचं, टीसीला गाठायचं, होतं काहीतरी. आमच्या वडिलांनी कायम असाच प्रवास केला.

इंजिनमागचा_डबा
@खटपट्या, तुमच्या वडिलांच्या काळी चाललं असेल. खिडकीचं वेटिंग तिकीट असलं तरी आरक्षित डब्यात बसायचा अधिकार कधीच नव्हता, आता तर तपासणी कडक आहे. दंड भरायचा, वर पुढच्या स्टेशनला जनरल डब्यात जायचं. ७१ वर्षांचे गृहस्थ आणि त्यांचा गुडघा घेऊन हा प्रयोग नको.

खटपट्या
बरं बाबा. सुचवलं आपलं.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. बायकोशी बोललो, मुलीची चार दिवस शाळा बुडवायला ती तयार झाली (मुलगी तर कालच तयार होती). म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. आता प्रश्न:

वेटिंगचे हे वेगवेगळे प्रकार काय असतात? महानगरीला एका तारखेला नाशिक रोडहून वेटिंग दिसतंय, पण गंमत म्हणून मुंबईहून बघितलं तर जागा शिल्लक! गाडी तीच, डबे तेच. हा काय चमत्कार?

इंजिनमागचा_डबा
चमत्कार नाही, कोटा. गाडीतले सगळे बर्थ एका पोत्यात नसतात. सुरुवातीच्या स्थानकापासून शेवटपर्यंत जाणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्याचं वेटिंग म्हणजे जीएनडब्ल्यूएल. मधल्या स्थानकांवरून चढणाऱ्यांसाठी छोटे वाटे, त्यांचं वेटिंग पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल. जीएनडब्ल्यूएल पन्नास असेल तरी सुटायची आशा असते, कारण लोक रद्द करतात आणि बर्थही भरपूर असतात. आरएलडब्ल्यूएल दहा असेल तरी मला धाकधूक वाटते, कारण त्या छोट्या वाट्यातलंच कोणी रद्द केलं तर तुमचा नंबर सरकणार.

म्हणून तिकीट मुंबईहून काढा आणि काढतानाच बोर्डिंग स्थानक (जिथून चढणार ते) 'नाशिक रोड' निवडा. १८८ किलोमीटरचं भाडं फुकट जातं, पण रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं प्रतिकिलोमीटर उतरत जातं. दीड हजार किलोमीटरच्या प्रवासात हे जादा किलोमीटर स्लीपरला माणशी शंभराच्या आत पडतात. थ्री एसीला दीड-दोनशे. एजंटच्या चारशेपेक्षा बरे.

बोर्डिंग बदलायला मात्र विसरू नका. नुसतं मुंबईचं तिकीट घेऊन नाशिकला चढलात तर टीसी मुंबई-कल्याणच्या दरम्यान तुम्हाला गैरहजर लावून बर्थ आरएसीवाल्याला (अर्ध्या बर्थवर बसलेल्याला) देऊन मोकळा. आणि बोर्डिंग बदलल्यावर हुक्की आली म्हणून मुंबईहून चढायचा हक्क राहत नाही.

पावणेबारा
इथे एक सावधानतेचा इशारा देणं माझं कर्तव्य आहे, कारण माझं हे नाव त्याच प्रसंगावरून पडलंय.

महानगरी मुंबईहून सुटते रात्री १२ वाजून १० मिनिटांनी. तिकिटावर तारीख होती १४. आम्ही १४ तारखेला रात्री जेवूनखाऊन, सासूबाईंच्या पाया पडून, पावणेबाराला सीएसएमटीला हजर. सात माणसं, अकरा डाग. तक्त्यावर नाव नाही. मी टीसीशी भांडलो. त्याने तिकीट हातात घेतलं, मान वर न करता म्हणाला, "साहेब, तुमची गाडी काल गेली."

१४ तारखेची गाडी म्हणजे १३ च्या रात्री घराबाहेर पडायचं. एक पैसा परत मिळाला नाही. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

साइड_लोअर
"तुमची गाडी काल गेली" हे वाक्य मी ऑफिसात फ्रेम करून लावणार आहे.

गोदाकाठ
पावणेबारा, दंडवत घ्या! नाशिकला ती पहाटे येते म्हणजे आम्ही तारखेच्या बाबतीत सुरक्षित, पण आईला सांगायला हवं, ती "आदल्या रात्रीच निघू" म्हणणारच.

पुढचा प्रश्न खालच्या बर्थचा. सहाही जणांचं एकाच तिकिटावर काढलं तर बाबांना खालचा मिळेल ना? वय तर टाकतोच आपण.

इंजिनमागचा_डबा
इथेच बहुतेक जण फसतात. प्रत्येक स्लीपर डब्यात सहा-सात आणि थ्री एसीत चार-पाच खालचे बर्थ ज्येष्ठांसाठी राखीव असतात, ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया. पण हा कोटा एकट्या किंवा दोघा ज्येष्ठांच्या तिकिटालाच लागू होतो. त्याच तिकिटावर तुम्ही, वहिनी आणि मुलगी आलात की तो हक्क गेला, मग संगणक जे देईल ते.

तेव्हा आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा आणि कोटा निवडताना 'जनरल'ऐवजी 'लोअर बर्थ/सिनिअर सिटिझन' निवडा. तुमचं दुसरं तिकीट जनरलमधून. डबे वेगळे पडू शकतात, ही त्याची किंमत.

भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. करोनात गेली ती गेली. पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के होती, म्हणजे आई-बाबांच्या तिकिटात जवळजवळ एका माणसाचे पैसे सुटले असते. यावर बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

मुलांचं: चार वर्षांच्याला तिकीट नको, बर्थही नाही. मुलगी ५ ते १२ मधली, तिला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा तर पूर्ण भाडं. अकरा वर्षांची मुलगी चोवीस तासांहून लांबच्या प्रवासाला, माझ्या मते बर्थ घ्याच. तिथे काटकसर केलीत तर तुम्ही रात्रभर बसून.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, आमच्याकडूनबी ऐका. आम्ही नागपूरकर संघमित्रानं जातो, ती बंगळूरहून येते अन् मुगलसरायवरून दानापूरला जाते. पण नाशिकवाल्यांसाठी एक डोकं लावतो. जबलपूरचा गरीबरथ आहे मुंबईहून (१२१८८), नाशिक रोडला थांबते. पूर्ण थ्री एसी, पण भाडं साध्या थ्री एसीपेक्षा बरंच कमी. रोज नाही, वार बघून घ्या. जबलपूरला उतरा, भेडाघाट (नर्मदेचे संगमरवरी कडे) दाखवा पोरांना, रात्री तिथून वाराणसीची गाडी धरा. जबलपूरहून गाड्याच गाड्या.

गोदाकाठ
हे भारी आहे. पण दोन तुकड्यांत तिकीट काढलं तर महाग पडत नाही का?

वऱ्हाडी_ठेचा
पडते ना भाऊ. वर डबेसाहेबांनी सांगितलं तेच, लांबच्या तिकिटात किलोमीटर स्वस्त. दोन तुकडे केले की दोन्ही वेळा सुरुवातीचा महाग दर लागते, अन् रिझर्वेशनचा आकार दोनदा. गरीबरथमुळं पहिल्या तुकड्यात वाचते, दुसऱ्यात थोडं जाते, फिटंफाट होते. भेडाघाट फुकट असं समजा.

इंजिनमागचा_डबा
ठेचाभाऊंची कल्पना आवडली. तुकड्यांत गेलात तर दोन्ही पीएनआर (तिकिटांचे नंबर) एकमेकांना जोडून घ्या. २०१९ पासून ती सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. न जोडता चुकली तर पावणेबारा यांना विचारा.

पावणेबारा
😐

अनुस्वार
एजंटबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. गोदाकाठदादा, तो माणूस अधिकृत असेल तर त्याच्या तिकिटावर त्याचं नाव आणि घेतलेलं शुल्क छापलेलं असतं. माणशी चारशे वर मागतोय म्हणजे बहुधा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावरून काढतोय. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली तो गुन्हा आहे. धाड पडली की त्या खात्यावरची तिकिटं रद्द होतात आणि आपण फलाटावर बॅगा घेऊन उभे. शिवाय तत्काळ (आदल्या दिवशीचा कोटा) उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही बंदी आहे, त्यामुळे 'माझी सेटिंग आहे' यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, खासगी अ‍ॅप. नाव घेत नाही. मी एकावर तिकीट काढलं, शेवटच्या पानावर 'मोफत रद्द करण्याची हमी' नावाचं काहीतरी आधीच टिक केलेलं होतं, वर सेवाशुल्क वेगळं. तीन जणांच्या स्लीपरच्या तिकिटात दोनशेच्या वर गेले. थेट रेल्वेच्या साइटवर यूपीआयने पैसे भरले तर बिनएसीला दहा रुपये आणि एसीला वीस रुपये अधिक जीएसटी एवढंच सोयीचं शुल्क, तेही अख्ख्या तिकिटाला, माणशी नव्हे.

गोदाकाठ
एजंटला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बघा, मग याल परत."

ठरलं असं: आई-बाबांना थ्री एसी, आम्ही तिघं स्लीपर. थ्री एसीला स्लीपरच्या अडीचपट पैसे लागतात, सगळ्यांना परवडत नाही आणि डिसेंबरात एसीची तशी गरजही नाही. बाबांना पश्चिमी संडास जवळ आणि गर्दी कमी एवढंच हवंय. बुकिंग कधी उघडेल आणि काय तयारी ठेवू?

इंजिनमागचा_डबा
साठ दिवस आधी, सकाळी आठला. पूर्वी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ केले. माझ्या मते बरंच झालं, चार महिने आधी कोणाला ठाऊक असतं आपण कुठे असणार? प्रवासाचा दिवस न धरता साठ मोजा.

खातं आधारशी आजच जोडा, उघडण्याच्या वेळी आधार-प्रमाणित खात्यांनाच प्रवेश असतो. ते काम आदल्या रात्रीवर ठेवू नका, नावातलं एक अक्षर जुळलं नाही तरी अडतं. सगळ्यांची नावं 'मास्टर लिस्ट'मध्ये भरून ठेवा. दोन तिकिटं आहेत, तर तुमच्या आणि वहिनींच्या अशा दोन खात्यांवरून दोघं एकाच वेळी बसा. स्लीपरच्या तिकिटाला 'कन्फर्म बर्थ मिळाले तरच काढा' ही खूण करा, म्हणजे पैसे अडकत नाहीत. यूपीआयचा पिन विसरू नका. हसू नका, मी विसरलोय.

कुंदामावशी
आणि आठच्या आधी चहा पिऊन घे. नंतर सुचत नाही.

गोदाकाठ
सकाळचे ८.०९. हात अजून थरथरतोय.

७.५५ ला दोघं दोन लॅपटॉपांवर. मुलगी मोबाइलवर सेकंद मोजत होती. ८.०० ला माझी साइट गोल गोल फिरायला लागली. बायकोचं झालं! आई-बाबा थ्री एसी, दोघांनाही खालचा, एकाच कंपार्टमेंटमध्ये समोरासमोर. माझं पहिल्यांदा कॅप्चा चुकला (तो शून्य होता की ओ, देव जाणे), दुसऱ्यांदा पैसे गेले आणि तिकीट नाही. तिसऱ्यांदा ८.०६ ला मिळालं. मिडल, अप्पर, साइड अप्पर. मुंबईहून काढलं, बोर्डिंग नाशिक रोड.

मधल्या वेळी गेलेले पैसे परत येतात ना?

अनुस्वार
अभिनंदन! येतात. दोन-चार दिवस लागतात, कधी आठवडा. खात्यावर लक्ष ठेवा.

साइड_लोअर
अभिनंदन. एजंटला पेढे पाठवा.

गोदाकाठ
आता परतीचं. बाबांनी काल नवीन बाँब टाकला: "काशीपर्यंत जायचं आणि गया नाही? त्रिस्थळी पूर्ण नको का करायला?" म्हणजे आधी प्रयाग, मग काशी, मग गया. परत काशीला येऊन महानगरी पकडायची की गयेहूनच निघायचं?

इंजिनमागचा_डबा
गयेहूनच निघा, उगाच मागे येऊ नका. मी पहिल्या दिवशी सांगितलेली हावडा-मुंबई मेल परत येताना १२३२१ होते, ती गयेवरून येते आणि नाशिक रोडला थांबते. त्रिस्थळीवाल्यांसाठीच काढल्यासारखी गाडी आहे, पण आपल्याकडे फार कमी जण तिच्या वाटेला जातात.

एकच लक्षात ठेवा. ही गाडी हावड्याहून रात्री सुटते आणि गयेला दुसऱ्या दिवशी येते. तत्काळ काढायची वेळ आली तर दिवस मोजायचा तो गाडी हावड्याहून सुटते त्या तारखेवरून, गयेच्या नव्हे. एसीला सकाळी दहा, बिनएसीला अकरा, गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी. गयेची तारीख धरून बसलात तर तत्काळ आदल्याच दिवशी उघडून संपलेलं असेल. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही, तेव्हा नेहमीच्या जनरल कोट्यात जे मिळेल ते आधी घ्या.

प्रयागसाठी वेगळी गाडी शोधू नका. काशीला उतरून एक दिवस प्रयागला गाडी करून जाऊन या, सव्वाशे किलोमीटर आहे.

गोदाकाठ
काढलं. आई-बाबा पुन्हा ज्येष्ठ कोट्यातून कन्फर्म. आम्ही तिघं आरएसी. चार्ट (बर्थांची अंतिम यादी) आता आधी लागतो म्हणे?

इंजिनमागचा_डबा
हो, पूर्वी चार तास आधी लागायचा, आता आठ-दहा तास आधी लागतो. आरएसी म्हणजे बसायला नक्की जागा, साइड लोअरवर दोघांत एक. भाडं मात्र पूर्ण बर्थचं घेतात. अर्ध्या बर्थला पूर्ण भाडं का, हे मला वीस वर्षांत कोणी पटवून दिलेलं नाही. सुटेल बहुधा.

साइड_लोअर
माझ्या नावाचा उगम यातच आहे. एका अनोळखी काकांबरोबर पायाला पाय लावून झोपलो होतो इटारसीपर्यंत.

गोदाकाठ
परवा परत आलो. धागा वर काढतो, कारण हिशेब देणं लागतो.

जाताना महानगरी तासभर उशिरा. गंमत झाली ती धाकट्याची. चार वर्षांचा, तिकीट नाही, बर्थ नाही, त्यामुळे त्याच्यावर कोणत्याच डब्याचा शिक्का नाही. तो भुसावळनंतर आजीकडे थ्री एसीत गेला तो वाराणसीलाच बाहेर आला. सगळ्यांत आरामात, चादर-उशी-कांबळ्यासकट, फुकट. मुलगीही जायला निघाली, तर टीसीने अदबीने परत पाठवली, "बेटा, तेरा टिकट स्लीपर का है." ती दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

स्लीपर पहाटे चांगलाच गारठला. खिडकीची काच पूर्ण लागत नव्हती, बायकोने फटीत टॉवेल कोंबला. कुंदामावशींनी पांघरुणाचं सांगितलं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो. 🙂

परतीला आरएसी तिघांपैकी दोघांचं सुटलं. मी राहिलो. साइड लोअरवर माझ्याबरोबर धनबादहून आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी रात्री दहाला विचारलं, "आप सोएँगे या मैं?" आम्ही दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. ते नाशिकला द्राक्षबागेत कामाला येत होते, पंचवटीत उतरणार म्हणाले, म्हणून आम्ही एकाच रिक्षाने घरी आलो.

खर्च: पाच बर्थ, जाऊन-येऊन, एजंटने नुसत्या जाण्याचा जो आकडा सांगितला होता त्याच्या दुपटीपेक्षा बराच कमी. सगळ्या प्रतिसादकांना गंगाजलाची एक-एक कुपी राखून ठेवली आहे, नाशिकला या आणि घेऊन जा.

कुंदामावशी
अरे, काशीला थंडीत जाताना पांघरूण घ्यायचं हे पण मी सांगायचं का? बाबा कसे आहेत?

गोदाकाठ
बाबा उत्तम. घाटाच्या पायऱ्या बसत-उठत उतरले, गुडघ्याचं नाव काढलं नाही. गयेला पिंडदान झाल्यावर जरा गप्प होते. काल मात्र देवघरातला गंगेचा गडू हातात घेऊन म्हणाले, काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही.

डबेसाहेब, नाशिक रोड ते रामेश्वरम्, दोन ज्येष्ठ, दोन प्रौढ, एक मुलगी. आणि धाकटा तोवर पाच वर्षांचा झालेला असेल.

इंजिनमागचा_डबा
म्हणजे आता त्याचंही तिकीट. थांबा, चहा ठेवतो आणि लिहायला बसतो.